हिवाळाभर मोटरसायकल उभी ठेवताना थंडीपेक्षा ओलीची काळजी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिवाळ्यात चार-पाच महिने रस्त्यावर बर्फ असतो, बर्फ वितळवायला मीठ टाकलेलं असतं, त्यामुळे मोटरसायकल तेवढे महिने शेडमध्ये उभी राहणार. शेड बंदिस्त आहे, पण गरम केलेली नाही. गाडी कार्ब्युरेटरवाली, बॅटरी साधी लेड-अ‍ॅसिड. एक जण सांगतो टाकी पूर्ण रिकामी करा, दुसरा सांगतो भरून ठेवा, आणि तिसरा म्हणतो की दर आठवड्याला दहा मिनिटं इंजिन चालू केलं की बाकी काही करायची गरजच नाही. यातलं कोणाचं ऐकायचं?

तिसऱ्या सल्ल्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो ऐकायला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो आणि गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. पेट्रोल जळताना धूर आणि उष्णता निघते तसं पाणीही तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. इंजिन पूर्ण तापलेलं असेल तर ही वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. पण कडाक्याच्या थंडीत उभ्या गाडीचं इंजिन दहा मिनिटांत नीट तापत नाही. सायलेन्सरचा मागचा भाग तर थंडच राहतो. मग वाफेचं तिथेच पाणी होतं आणि सायलेन्सर आतून गंजायला लागतो. थोडी वाफ पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये (इंजिनचा खालचा, ऑइल असलेला भाग) उतरते आणि ऑइलमध्ये मिसळते. त्यात चोक ओढलेला असतो, म्हणजे जास्तीचं पेट्रोलही सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली नेतं. अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. पिवळट पांढरी, लोण्यासारखी मळी चिकटलेली दिसते. ते ऑइल आणि पाण्याचं मिश्रण असतं, आणि झाकणाला दिसतं ते आत इतर थंड भागांवरही असतं. शिवाय सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढा करंट जातो, तेवढा दहा मिनिटांच्या आयडलिंगमध्ये बहुतेक गाड्यांत परत भरतही नाही.

म्हणून नियम सरळ आहे. रस्ता कोरडा आणि मोकळा असेल, अर्धा तास तरी नीट चालवता येणार असेल, तर जरूर चालवा. नाहीतर एकदा उभी केलेली गाडी वसंतापर्यंत सुरू करू नका.

यातूनच पुढची सगळी कामं कळतात. नुसती थंडी गाडीला फारसं काही करत नाही. धातू, रबर, ऑइल हे सगळं थंडीत निवांत पडून राहू शकतं. गाडी खराब करते ती ओल, आणि ओल येते ती तापमानाच्या चढउतारातून. म्हणून कधी हीटर लावलेली, कधी बंद केलेली, दार सारखं उघडणारी जागा मला आवडत नाही. त्यापेक्षा हिवाळाभर एकसारखी थंड आणि कोरडी राहणारी शेड बरी. थंड पडलेल्या धातूवर उबदार दमट हवा आली की त्याला घाम सुटतो, आणि तो रोज सुटत राहिला तर क्रोम, स्पोक, बोल्टची डोकी, सगळं बारीक गंजाने भरतं. तुमच्या शेडला हीटर नाही याची काळजी करू नका. फरशीतून ओल येत असेल तर मात्र गाडीखाली प्लायवूडचा तुकडा किंवा जाड रबरी मॅट टाका.

गाडी उभी करायच्या दिवशी कामांचा क्रम महत्त्वाचा असतो. बरेच जण आधी शेवटची फेरी मारतात, मग गाडी धुतात आणि ओली गाडी झाकून टाकतात. मी उलट करतो. आधी धुणं, मग शेवटची फेरी. धुताना मीठ आणि चिखल कुठे अडकतो ते बघा: मडगार्डच्या आतली बाजू, स्विंगआर्मचा खालचा भाग, सेंटर स्टँडचे सांधे, रेडिएटर असेल तर त्याच्या पात्या. प्रेशर वॉशरची धार चाकांच्या बेअरिंगवर, चेनवर आणि वायरिंगच्या जोडांवर मारू नका. त्या दाबाने पाणी सीलच्या आत जातं आणि आतलं ग्रीस धुऊन काढतं. धुऊन झाल्यावर कोरड्या दिवशी फेरीला निघा. वाऱ्याने आणि इंजिनच्या उष्णतेने, तुमच्या कापडाला पोचता येत नाही अशा फटींतलं पाणी वाळतं. वाटेत ब्रेक थोडे थोडे दाबत राहा, म्हणजे डिस्क आणि ड्रमही कोरडे होतात. याच फेरीत पेट्रोल भरायचं आहे.

आता टाकीचा प्रश्न. लोखंडी टाकी असेल तर भरून ठेवा. रिकाम्या टाकीत पेट्रोलची जागा हवा घेते, त्या हवेतला दमटपणा थंड पत्र्याला आतून चिकटतो आणि टाकी वरून गंजायला सुरुवात होते. तो गंज पुढे जाळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये उतरतो. भरायची म्हणजे अगदी गळ्यापर्यंत मात्र नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की पेट्रोलचं आकारमान सुमारे एक टक्क्याने वाढतं, त्याला जागा हवी. टाकी रिकामी करणं मला पटतं ते गाडी वर्षभराहून जास्त पडून राहणार असेल तेव्हाच, आणि तेव्हाही टाकी आतून वाळवून पातळ ऑइल फिरवून घ्यावं लागतं. प्लास्टिकची टाकी गंजत नाही, पण आतलं पेट्रोल शिळं होतं ते होतंच.

पेट्रोल शिळं होतं म्हणजे दोन गोष्टी होतात. हलका, लवकर पेट घेणारा भाग उडून जातो, म्हणून गाडी सुरू व्हायला कुरकुरते. आणि उरलेलं पेट्रोल हवेशी संयोग पावून चिकट होत जातं, शेवटी त्याचा वार्निशसारखा थर बसतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल असेल तर आणखी एक भानगड आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते सामावून घेतं, पण थंडी वाढली की ही क्षमता घटते, आणि मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे पडतात आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. पेट्रोल कॉक (पेट्रोल चालू-बंद करायचा नळ) तळाशीच असतो, म्हणजे इंजिनला पहिल्यांदा तेच मिळणार. म्हणून मिळत असेल तर शेवटची टाकी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलने भरा.

त्यात फ्युएल स्टॅबिलायझर घाला, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. मी तो पंपावरच, पेट्रोल भरायच्या आधी टाकीत ओततो, म्हणजे पेट्रोल पडताना तो आपोआप ढवळला जातो आणि परत येईपर्यंत कार्ब्युरेटरपर्यंत पोचतो. घरी येऊन नुसता टाकीत ओतला आणि गाडी तशीच ठेवली, तर खाली कार्ब्युरेटरमध्ये साधंच पेट्रोल राहतं. स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलचं आयुष्य वाढवतो. आधीच शिळं झालेलं पेट्रोल तो सुधारत नाही, तेव्हा उन्हाळ्यापासून टाकीत पडलेल्या पेट्रोलमध्ये घालून काही उपयोग नाही.

फेरीवरून आल्यावर कॉक बंद करा आणि कार्ब्युरेटर रिकामा करा. तुमच्या गाडीसाठी या सगळ्या लेखातलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं की झालं असं बरेच जण मानतात, पण त्यानंतरही फ्लोट बाउलच्या (कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठणारी वाटी) तळाशी थोडं पेट्रोल उरतं. बाउलच्या खाली ड्रेन स्क्रू असतो. इंजिन गार झाल्यावर नळीखाली डबी धरून तो सैल करा आणि थेंब थांबेपर्यंत थांबा. हे का सांगतो? वसंतात अशी न रिकामी केलेली गाडी दुरुस्तीला आली की बाउल उघडताच रंगाच्या जुन्या डब्यासारखा आंबूस वास येतो. तळाशी हिरवट तपकिरी थर असतो, नखाने खरवडला तर निघत नाही. पायलट जेट (इंजिन कमी वेगात असताना पेट्रोल सोडणारी छोटी पितळी नळी) काढून उजेडाकडे धरला की मधलं भोक दिसायला हवं, आणि दिसत काहीच नाही. ते भोक सुईच्या टोकाएवढंच, त्यामुळे ते बुजायला फार थर लागत नाही. दोन मिनिटांचा ड्रेन स्क्रू हे सगळं टाळतो. पेट्रोलचं हे काम दार उघडं ठेवून, आसपास ज्योत, पेटता हीटर किंवा गिझर नसताना करा, आणि काढलेलं पेट्रोल झाकणाच्या योग्य डब्यातच ठेवा.

(वाचणाऱ्यांपैकी कोणाची फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर त्यांनी रिकामं करण्याच्या फंदात पडू नये. पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, त्याला तसंच बुडालेलं राहू द्यावं. स्टॅबिलायझर घालून फेरी मारली की पुरे.)

इंजिन अजून कोमट असतानाच ऑइल आणि फिल्टर बदला. बऱ्याच जणांना वाटतं की वसंतात नवं ऑइल घालू, आत्ता कशाला वाया घालवायचं. पण वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं आणि ओल असते. ते ऑइल बेअरिंगना आणि क्रँकला महिनोन्‌महिने लागून राहणं, यातच तोटा आहे. नवं ऑइल घातल्यावर एक-दोन मिनिटं इंजिन फिरवून ते सगळीकडे पोचवा, आणि कार्ब्युरेटर रिकामा करायचं काम त्यानंतरच ठेवा. उभ्या गाडीत हे नवं ऑइल खराब होत नाही, वसंतात पुन्हा बदलायची गरज नसते.

शेड फार दमट असेल तर प्लग काढून सिलिंडरमध्ये चहाच्या चमच्याएवढं इंजिन ऑइल सोडा, प्लगच्या भोकावर चिंधी धरा आणि काढलेला प्लग कॅपमध्ये लावून इंजिनच्या धातूला टेकवून इंजिन हळूच दोन-चार वेळा फिरवा. चमच्यापेक्षा जास्त ओतू नका. ऑइल दाबलं जात नाही, आणि पिस्टनवर ते साठलं तर प्लग लावून इंजिन फिरवताना कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. कोरड्या जागेत चार-पाच महिन्यांसाठी मी हे करत नाही, नवं ऑइल पुरतं.

गाडी पाण्याने थंड होणारी असेल तर कूलंट तपासा. अर्धं इथिलीन ग्लायकॉल आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. उन्हाळ्यात कोणी नुसतं पाणी वर भरलं असेल तर ते पातळ झालेलं असतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं आणि इंजिनचा ब्लॉकसुद्धा फोडू शकतं. साध्या हायड्रोमीटरने (कूलंटची घनता मोजणारी नळी) हे पाच मिनिटांत कळतं. ब्रेक ऑइलही हवेतली ओल ओढतं. दोन वर्षांहून जुनं असेल तर ते आत्ताच बदला, म्हणजे ओलसर ऑइल कॅलिपरच्या पिस्टनला हिवाळाभर खात बसणार नाही.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण हिवाळ्यात सगळ्यात जास्त मरतात त्या बॅटऱ्याच. लेड-अ‍ॅसिड बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते. गाडीला जोडलेली असेल तर घड्याळ, अलार्म, ट्रॅकर हे थेंब थेंब करंट पीत राहतात. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे स्फटिक धरतात, आणि ते एकदा घट्ट झाले की चार्जिंगनेही निघत नाहीत. दुसरा धोका गोठण्याचा. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड उणे ५० अंशांतही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत अ‍ॅसिडचं जवळजवळ पाणी झालेलं असतं, ते शून्याच्या थोडं खालीच गोठतं आणि डबा फोडतं. म्हणजे थंडीत बॅटरी वाचवायची असेल तर तिला फक्त चार्ज ठेवायचं आहे.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना उलटं. कारण पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना फ्रेमला टेकला तर सरळ शॉर्ट होतो. टर्मिनल ब्रशने साफ करून व्हॅसलीनचं बोट फिरवा. पाणी घालायची बॅटरी असेल तर पातळी बघून फक्त डिस्टिल्ड पाणी घाला. मग ती स्मार्ट मेंटेनर चार्जरला लावून ठेवा, जो भरल्यावर आपोआप थांबतो आणि उतरली की पुन्हा सुरू होतो. जुना, न थांबणारा चार्जर महिनोन्‌महिने लावून ठेवू नका, तो पाणी उकळून प्लेटा उघड्या पाडतो. मेंटेनर नसेल तर महिन्यातून एकदा चार्ज करा. चार्जर काढून काही तासांनी मल्टिमीटर लावा: १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली गेली की लगेच चार्जिंगला लावा. बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते, हे लाकडी आणि कडक रबरी डब्यांच्या काळातलं बोलणं आहे, आजच्या प्लास्टिकच्या डब्याला ते लागू नाही. लिथियम बॅटरी असेल तर तिला लिथियमसाठीच बनवलेला चार्जर हवा, आणि शून्याखालच्या तापमानात तिला चार्ज करू नये. ती काढून घरात आणणंच सोयीचं.

टायरना महिनोन्‌महिने एकाच जागी वजन सोसवत नाही, तिथे चपटा भाग पडतो. सेंटर स्टँड असेल तर त्यावर घ्या आणि पुढच्या बाजूला इंजिनखाली आधार देऊन तेही चाक जमिनीपासून किंचित वर ठेवा. आधार हलत नाही याची दोन्ही बाजूंनी खात्री करा. फक्त साइड स्टँड असेल तर हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरा, टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आत, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी गाडी थोडी पुढेमागे ढकला. टायरवर खडूची खूण केली की किती फिरलं ते दिसतं. साइड स्टँडखाली लाकडाची फळी ठेवा, नाहीतर ओलसर जागेत तो हळूहळू रुततो.

चेन केरोसीनने साफ करून, पूर्ण वाळवून, चेन लुब्रिकंट सगळ्या बाजूंनी द्या. ओ-रिंगची चेन असेल तर पेट्रोलने धुऊ नका, रिंगा फुगतात. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्या, स्पोक, बोल्ट यांवर ऑइलने ओलसर केलेलं कापड फिरवा. डिस्क, ब्रेक पॅड आणि टायर यांच्या आसपास तेलाचा थेंबही नको. पेंटवर वॅक्स लावा. क्लच लिव्हर दाबून बांधून ठेवायचा सल्ला ऐकला असेल, त्याची मला गरज वाटत नाही. क्लचच्या प्लेटा चिकटल्या तरी त्या कशा सोडवायच्या ते पुढे सांगतो.

उंदरांना उभी गाडी फार आवडते. एअर फिल्टरचा डबा, सीटखालची पोकळी, सायलेन्सर या तिन्ही जागा घरट्यासाठी आयत्या. सायलेन्सर गार झाल्यावर त्याच्या तोंडात कापडाचा बोळा घाला आणि एअर फिल्टरच्या तोंडावर बारीक जाळी बांधा. बोळ्याला लांब लाल फीत बांधून ती हँडलपर्यंत आणा, आणि किल्लीला चिठ्ठी लावा: बोळा काढणे, कॉक उघडणे, बॅटरी लावणे. गाडी वरून झाकायची असेल तर सुती चादर किंवा हवा खेळती ठेवणारं कव्हर वापरा. प्लास्टिकची ताडपत्री घातली की आतली ओल आतच कोंडते, आणि उघड्या गाडीपेक्षा झाकलेली जास्त गंजते. खतं, मीठ, ब्लीचिंग पावडर याच शेडमध्ये ठेवत असाल तर ती दुसरीकडे हलवा. त्यांच्या वाफांनी किंवा धुळीने अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी बुरशी आल्यासारखी गंज चढते.

वसंतात घाई करू नका. चिठ्ठी वाचून सगळं काढा-लावा, टायरमध्ये हवा नेहमीच्या दाबावर आणा, टायरच्या कडांना चिरा पडल्यात का बघा, ब्रेक लिव्हर आणि पेडल दाबून कडक लागतंय का तपासा. इंजिन बंद असताना गाडी गिअरमध्ये टाका, क्लच दाबा आणि पुढेमागे ढकला. चिकटलेल्या प्लेटा एका झटक्यात सुटतात. डिस्कवर गंजाचा पातळ थर दिसेल, तो पहिल्या दोन-चार ब्रेकमध्येच निघून जातो, म्हणून ते ब्रेक मोकळ्या जागी, कमी वेगात मारा. रस्त्याच्या वळणांवर हिवाळ्यातली वाळू अजून पडलेली असते.

कॉक उघडून बाउल भरायला मिनिटभर द्या, मग चोक ओढून सुरू करा. सुरू नाही झाली तर सेल्फ सलग पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, मध्ये थांबा. तरी नाही झाली तर क्रमाने बघा: बॅटरीचा व्होल्टेज, प्लगला ठिणगी, ड्रेन स्क्रूमधून ताजं पेट्रोल येतंय का. चोकवर चालते पण चोक आत ढकलला की बंद पडते, असं असेल तर बहुतेक वेळा पायलट जेटच बुजलेला असतो. तो काढून कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवा आणि दाबाच्या हवेने मोकळा करा. त्यात तार घालू नका. जेट पितळेचा असतो, तारेने भोक मोठं होतं आणि मग ती गाडी कितीही ट्यून केली तरी जास्त पेट्रोल पीत राहते.